भागूबाईनं ठेवलेलं नाव

आमच्या घरात दोन भागूबाई आहेत. एक नावाची, एक स्वभावाची. नावाची ती माझी बायको. स्वभावाची कोण, ते शिरड शहापुरात कोणालाही विचारा. आधी हसतील आणि मग बोट माझ्याकडे करतील. माझं नाव तातेराव.

भित्र्या पुरुषाला भागूबाई का म्हणतात, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. पहिली भागूबाई कोण, ती कशाला भ्याली, एकदाच भ्याली की रोज भ्यायची, कोणालाच ठाऊक नाही. मला तर वाटतं, ती भ्यालीच नसेल. तिचा नवरा भ्याला असेल आणि गावानं खापर तिच्या डोक्यावर फोडलं असेल. गावाची ही जुनी खोड आहे. पण त्या कोण्या बाईपायी माझ्या बायकोला जन्मभर वैताग झाला, एवढं मात्र खरं.

ती मूळची हट्टा गावची. आजी वारली त्याच साली ही जन्मली, म्हणून आजीचं नाव हिला मिळालं. शाळेत एकदा लस टोचायला बाई आल्या, तेव्हा एक पोरगं बाकाखाली लपलं. गुरुजी ओरडले, "ऊठ रे भागूबाई!" ही उठून उभी राहिली, "व्हय गुरुजी" म्हणाली आणि बाही वर करून पुढे गेली. सगळा वर्ग हसला. पुढे तिचा खरा नंबर आला तेव्हा तिला पुन्हा बोलावलं आणि दुसरी सुई टोचली, असं ती सांगते. त्या दुसऱ्या सुईवर माझा विश्वास नाही, पण तिच्यासमोर मी तसं म्हणत नाही.

लग्नात आमच्या मायनं ठरवून टाकलं होतं की सुनेचं नाव बदलायचं. माय म्हणाली, "आपलं पोरगं आधीच असं. त्यात सून भागूबाई. गाव जगू देईल का?" विजया हे नाव पक्कं झालं. वसमतचे दत्तोपंत भटजी होते. त्यांनी ताटात तांदूळ पसरले, माझ्या हातात अंगठी दिली आणि म्हणाले, लिहा. मी 'वि' लिहिला. 'ज' लिहायला घेतला आणि नवरीला शिंक आली. शिंक कसली, फटाका तो! तांदूळ उडाले, काही दत्तोपंतांच्या मांडीवर, काही माझ्या मुंडावळ्यांत. शुभकार्यात शिंक म्हणजे अपशकुन. दत्तोपंतांनी तांदूळ झटकले आणि निकाल दिला की आता हे नाव या मुलीला ठेवता येणार नाही. ती शिंक खरी की खोटी, यावर दोन्हीकडच्या मंडळींचं अजून एकमत नाही. मी अगदी जवळ होतो. मला विचाराल तर तिनं आधी डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं होतं.

तेव्हापासून तिचा एकच नेम आहे. कोणीही, कुठंही, कोणालाही भागूबाई म्हटलं की ही जागेवरून "व्हय!" म्हणते. निवडणुकीच्या सभेत एक उमेदवार छाती ठोकून म्हणाला, "आमी काय भागूबाई न्हाई!" ही बायकांतून उभी राहिली आणि म्हणाली, "न्हाईच तुमी. भागूबाई मी हाय. तुमी कोण?" त्या माणसाचं पुढचं भाषण वाहून गेलं. मत मात्र तिनं त्यालाच दिलं, बिचारा पडला म्हणून. म्हणजे खाली बसताना खुर्चीवरून पडला म्हणून.

आता कड्याचं सांगतो. आमचं शेत औंढ्याकडच्या डोंगराला लागून आहे. बांध संपला की सागवान सुरू होतं, सागवान चढून गेलं की काळा कडा. आमच्या पिढ्यांनी तो कडा एकाच कामासाठी वापरला. ढग कड्याला टेकले की कपडे आत घ्यायचे. त्या कड्यावर माणसं मुद्दाम चढायला येतील, हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ते आले दिवाळीनंतर, आम्ही कापूस वेचत होतो तेव्हा. त्याच दत्तोपंतांचा मुलगा नचिकेत आणि त्याची बायको अबोली. दोघं पुण्यात नोकरीला होते तेव्हा हा नाद लागला, आणि वसमतला परत येताना नाद बरोबर घेऊन आले. वनखात्याची परवानगी काढून त्यांनी कड्यात ठिकठिकाणी लोखंडी कड्या ठोकल्या होत्या. त्यांची गाडी ते आमच्या आखाड्यावर लावायचे. आखाडा म्हणजे आमच्याकडे शेतातलं घर, तिथं कुस्ती होत नाही. काका, काकू अशी हाक मारून चहा प्यायचे आणि वर जायचे. मला वाटायचं, दोघांत काहीतरी बिनसलं असेल, नाहीतर तरण्याताठ्या जोडप्यानं भिंतीवर पालीसारखं का लटकावं?

एक दिवस वरून आवाज घुमला, "भागूबाई! ए भागूबाई!"

"व्हय, आले!" म्हणून हिनं कापसाची झोळी टाकली आणि सागवानात घुसली. मी मागोमाग गेलो, म्हणजे जरा अंतर राखून. वर पाहिलं तर नचिकेत कड्याच्या मध्यावर दोराला लोंबकळतोय आणि अबोली खाली दोर धरून त्याच्यावर ओरडतेय.

"कोण बोलावून राहिलं मला?" बायकोनं विचारलं.

अबोली ओशाळली. "तुम्हाला नाही काकू, ह्याला म्हणत होते. हा त्या फुगवट्यापाशी गेला की दरवेळी घाबरतो."

"घाबरून हा राहिला, मग नाव माझं काहून?"

नचिकेत खाली आला, पाणी प्याला आणि विषय बदलावा म्हणून कड्याची माहिती द्यायला लागला. ही चढाई एका दोराच्या लांबीत संपते. चढणारा दोर कमरेला बांधून खालून निघतो आणि वाटेतल्या प्रत्येक कडीत तो अडकवत वर जातो. पडला तर शेवटच्या कडीपर्यंत पडून थोडा खाली लोंबकळतो, मरत नाही. पण दोरावर भार टाकला तर चढाई मोजत नाहीत, पुन्हा खालून. ही वाट त्यानंच आखली होती आणि त्याला स्वतःलाच जमत नव्हती. अजून कोणालाच जमली नव्हती, म्हणून तिला नाव नव्हतं.

"जो पहिला चढेल त्याला नाव ठेवायचा हक्क," नचिकेत म्हणाला.

"नावं तर मी सगळ्यायला ठेवते," ही म्हणाली, "त्याच्यासाठी डोंगर काहून चढावं लागते?"

ते दोघं हसले, मीही हसलो. ही हसली नाही. कड्याकडे पाहत राहिली. हिचं हे पाहणं मला ठाऊक आहे, याच नजरेनं तिनं एकदा तांदळाच्या ताटावरून माझ्याकडे पाहिलं होतं.

"कोणतंबी नाव ठेवता येते?"

"कोणतंही, काकू."

"मग मला शिकव."

घरी येऊन मी समजावलं. म्हटलं, प्रतिक्षाची माय, लेक लग्नाला आली, गुडघे दुखायचं वय जवळ आलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "लोक काय म्हणतेत तेच तर बदलायचं हाय. मी मेल्यावरबी गावात हेच चालू राहील. पोरगं भ्यालं की भागूबाई, पळालं की भागूबाई. माझ्या आजीनं काय घोडं मारलं होतं?" डोळ्यांत पाणी होतं. मी तिला इतक्या वर्षांत या नावावरून फक्त भांडताना पाहिलं होतं. ते तिला एवढं लागतं, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं. मग मी विरोध सोडला. तसाही तो कोणी विचारात घेतला नव्हता.

शिकणं सुरू झालं. प्रतिक्षाची पॅन्ट, माझा जुना सदरा, पायात बोटं मुडपून टाकणारे बूट. हाताला लावायच्या पांढऱ्या भुकटीची पिशवी कमरेला. ती भुकटी लावली की हात भाकरी थापल्यासारखे दिसायचे. आधी सोप्या वाटा, वरून दोर बांधून. पहिल्या दिवशी ती हातभर चढली आणि खाली आली, तेव्हा मी पेढे आणायला निघालो होतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच ठेवला. घरी ती शेडच्या लोखंडी पट्टीला बोटांनी लटकायची. शेजारचा संतराम फवारणीचा पंप मागायला आला तर ही हवेत.

"वैनी, काय करून राहिल्या?"

"लटकून राहिले, दिसत न्हाई? पंप कोपऱ्यात हाय, घेऊन जा."

आता दोराचं. चढणाऱ्याचा दोर खाली कोणीतरी सांभाळावा लागतो, कमरेला अडकवलेल्या एका ब्रेकमधून. मला वाटलं, अबोली आहे, नचिकेत आहे, आपण चहावर लक्ष द्यावं. पण हिनं फर्मान काढलं की दोर मी धरायचा. मी म्हटलं, माझ्यासारख्या भित्र्याच्या हाती जीव कशाला देतीस?

"भित्र्याच्या हातातून दोर सुटत न्हाई," ती म्हणाली. "दुसऱ्यायला काय, त्यायचं लक्ष पाखरावर जाईल. तुमी काय पापणी लवू देणार न्हाई."

हे कौतुक होतं की टोमणा, मी अजून ठरवतोय. पण ते खरं होतं. माझ्या हातून दोर सुटला नाही. अडचण उलटीच झाली, तो सुटतच नव्हता. खालून चढणाऱ्याला ढील द्यावी लागते. वरच्या कडीत अडकवायला तो दोर ओढून घेतो, तेव्हा खालच्यानं सैल सोडायचा असतो. आणि मी माझ्या आयुष्यात काहीच सैल सोडलेलं नाही. बैलाचं दावं नाही, सायकलचा ब्रेक नाही, नाडा तर नाहीच.

हळद काढणीच्या आधी ती त्या फुगवट्याच्या वर पोचली. कड्याचं पोट तिथं सुटलंय. त्याच्यावर दोन बोटं जातील एवढी एक खाच आहे, आणि खाचेच्या वर, हात पुरता ताणला तर, दगडाची एक पट्टी. नचिकेत नेहमी तिथून परत यायचा. हिनं खाच धरली, दुसरा हात पट्टीकडे नेला, बोटं टेकली. आणि मला वाटलं, आता ही पडते. मी धसक्यानं दोर खेचला. दोर ताठ झाला, ही पट्टीवरून उपटली जाऊन हवेत आली. ती पडत नव्हती. मीच तिला पाडली.

घरी जेवायला बसलो. मी घास उचलला की ती माझं ताट मागे ओढायची. पुन्हा उचलला, पुन्हा ओढलं.

"काय झालं?"

"काही न्हाई. तुमी पडाल म्हणून धरलं."

चार दिवस मी असा जेवलो. प्रतिक्षा तोंडाला ओढणी लावून हसायची. लेक कोणाच्या बाजूनं आहे, हे त्या चार दिवसांत स्पष्ट झालं.

मग हळद आली. काढणी, शिजवणं, वाळवणं, वसमतच्या बाजाराचे हेलपाटे, मग पाऊस. मला वाटलं, विसरली. दसरा झाला आणि एका सकाळी ती दोर कमरेला बांधून ओट्यावर उभी. "चला, तुमचा अभ्यास घेते. मी विरजण आणायला चालले. दोर द्यायचा, पण मला हिसका बसला न्हाई पाह्यजे." आणि निघाली. मी ओट्यावर बसून दोर सोडतोय, ही गल्लीतून चाललीय, दोर मागं सरपटतोय. तिनं पाय उचलला की मी ढील द्यायची, थांबली की सावरायचा. कोपऱ्यावर संतराम उभा होताच.

"काय तात्या, वैनीला दावं लावलं का?"

मी बोलायच्या आत तिकडून उत्तर आलं, "मला न्हाई, त्यायला लावलंय. मी चरून राहिले, ते खुंट्याला हायेत."

गल्लीत बायापोरांची ही गर्दी! माझी लाज वेशीला टांगली गेली. पण खरं सांगतो, विरजण येईपर्यंत मला ढील देता यायला लागली. दोराकडे न बघता तिच्या पाठीकडे बघायचं, एवढीच ती विद्या आहे. पाठ सांगते, आता काय हवं.

अबोलीनं मला आणखी एक गोष्ट बजावली होती. कड्यावर वारा असतो, शब्द उडून जातात, म्हणून हाक मारताना चढणाऱ्याचं नाव घ्यायचं. मी होय म्हटलं खरं, पण मी हिला कधी नावानं हाक मारलेलीच नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही. अगं म्हणायचं, प्रतिक्षाची माय म्हणायचं, नाहीतर नुसतं खाकरायचं. त्यातून हे नाव! ते मी उच्चारलं तर गावाला वाटणार, स्वतःलाच हाक मारतोय.

तो दिवस थंडीचा होता. पळसाची पानं सुद्धा हलत नव्हती. खालचा भाग ती जिना चढावा तशी चढली. मधल्या लोखंडी कड्यांत दोर अडकवताना तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक कड्याला नावं ठेवत होती. फुगवट्याखाली थांबली, एकेक हात झटकला, भुकटी लावली. मग पोटावरून वर गेली. खाच धरली. पट्टीकडे हात नेला, बोटं टेकली, पट्टी घट्ट पकडली. शेवटची कडी तोंडासमोर होती आणि आधीची पार पायांखाली.

"ढील!" वरून आवाज आला.

माझा हात उघडेना. मला कळत होतं, समजत होतं, सगळं आठवत होतं, पण मूठ बैलाच्या जबड्यासारखी मिटून बसली. हिचे पाय थरथरायला लागले. मागं अबोली दोराचं टोक धरून उभी होती, ती हळूच म्हणाली, "काका, द्या." मला एकदम ते ताट दिसलं, तांदळाचं, आणि त्या पोरीची ती नजर. जिनं सासरच्या पहिल्याच दिवशी नाव सोडलं नाही, ती पट्टी सोडेल?

"भागूबाई!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. सागवानातून तो आवाज घुमून परत आला. "भागूबाई, दिली ढील!"

वरून उत्तर आलं, "व्हय!" ते सवयीचं होतं. आणि दोर माझ्या हातातून सरसर वर गेला, कडीत अडकल्याचा टक्क आवाज आला, मग एक पाय वर, दुसरा वर, आणि माथ्यावर वाट संपते तिथल्या साखळीला तिचा हात लागला. मी मटकन खाली बसलो. दोर मात्र सोडला नाही.

नचिकेत नाचायलाच लागला. आपली वाट दुसऱ्यानं आधी चढली याचं दुःख करायचं त्याला सुचलंच नाही. पोरगं मनानं मोठं आहे. तो खालून ओरडला, "काकू, नाव! नाव काय ठेवायचं?"

"भागूबाई! दुसरं काय?" ती ओरडली. मग साखळीला टेकून आरामात बसल्यासारखी लटकली आणि म्हणाली, "आन आता यायचंबी नाव घेते. ऐका." आणि साऱ्या डोंगराला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं उखाणा घेतला:

"दोराला मिळाली ढील, माथ्याला लागला हात,
तातेराव थरथर कापत देतात मला साथ!"

नचिकेतला तो उखाणा फार आवडला. त्यानं तो फोनवर घेतला आणि त्यांच्या चढणाऱ्या मंडळींत सगळीकडे पाठवला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट छाती फुगली होती. माझ्या बायकोनं जे केलं ते मला जन्मात जमलं नसतं, आणि तिनं माथ्यावरून नाव घेतलं ते माझं.

आता कड्याच्या पायथ्याशी एका दगडावर पांढऱ्या रंगात 'भागूबाई' लिहिलंय. नांदेडहून, परभणीहून पोरं येतात. दंड फुगलेली, बूट महागाचे. संध्याकाळी आखाड्यावर हातपाय चोळत चहा पितात आणि एकमेकांना सांगतात, "भागूबाई लय अवघड आहे यार." "भागूबाईनं दोनदा फेकलं मला." "भागूबाई जमली तर जन्माचं सार्थक." ही चूल फुंकत ऐकते. एखादा फारच विव्हळला की त्याला हळद घालून दूध देते. तिच्या तोंडावर तेव्हा जे समाधान असतं, ते मी लेकीच्या जन्माला पाहिलं होतं.

पण यातून एक अडचण उभी राहिली. ती मला परवा कळली.

परवा आम्ही दोघं कापूस वेचत होतो. वर एक दांडगा पोरगा फुगवट्याखाली अडकला होता. हलेना, उतरेना. खालून त्याच्या मित्रांनी चिडवायला तोंड उघडलं, "अरे भागू..." आणि थांबले. कारण भागूबाई तर तो कडा, जो त्यांच्यातल्या एकालाही जमला नव्हता. घाबरटाला त्या नावानं कसं म्हणणार? मग एकाला फोनवरचा तो उखाणा आठवला आणि सगळे मिळून ओरडले, "अरे तातेराव! ए तातेराव!"

मी हातातला कापूस झोळीत टाकला आणि सवयीनं म्हणालो, "कोण बोलावून राहिलं मला?"

बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हसू दाबून दाबून तिचे गाल लाल झाले होते.

"जा की," ती म्हणाली. "मी इतके वरसं 'व्हय' म्हणत गेले. आता तुमची पाळी."